३४-२८ वर दौलताबादचा घाट चढंना, मागची कॅसेट बदलू का पुढची क्रँक?

वाळूज_ते_वेरूळ

मंडळी राम राम. प्रश्न जरा लांबडा आहे, घाई असंल तर एकदम शेवटचं वाचा.

गेल्या वर्षी दिवाळीच्या बोनसमधून रोड बाईक घेतली. ८ स्पीड, म्हणजे मागं आठ चकत्यांची कॅसेट. पुढं क्रँकवर (पायडलच्या दांड्यांचा भाग) ५० आन ३४ दात्यांच्या दोन रिंगा, मागं सगळ्यात छोटी चकती ११ दात्यांची आन मोठी २८ ची. वय ४१, वजन ८२, वाळूजला शिफ्ट ड्युटी, त्यामुळं आठवड्यातून दोन-तीन दिवसच सायकल होते. सपाटीला काही अडचण नाही, पैठण रोडला ५० किलोमीटर २५ च्या स्पीडनं गप्पा मारत जातो. पण दौलताबादचा घाट लागला की सगळं सोंग उघडं पडतंय. सगळ्यात हलका गिअर घाटाच्या बुडाशीच लागलेला असतो, अर्ध्यात गेलं की पायडल एकेक करून दाबावं लागतं, विहिरीतून भरला पोहरा वढल्यावानी, आन शेवटच्या वळणाच्या अलीकडं उतरून ढकलणं ठरलेलं.

मागच्या रविवारी तर कहरच झाला, ढकलत चाललो होतो तर सीताफळाची पाटी घेऊन बसलेली मावशी म्हणली, "भाऊ, ढकलायचीच होती तर सायकल घेतली कामून? बकरी घ्यायची, मागं मागं तरी आली असती." सोबतचे दोघं अजून मला बकरीच म्हणायलेत.

तर प्रश्न असा. एक मित्र म्हणतो पुढची क्रँक बदल, ४६/३० बसव. दुकानदार म्हणतो मागं ११-३४ टाक. तिसरा म्हणतो काही बदलू नको, पाय बनव. डावा गुडघा पण वाटीच्या समोरच्या बाजूनं दुखायलाय घाट केल्यावर दोन दिवस. माझी इच्छा एवढीच, की खुलताबादवरून पुढं म्हैसमाळपर्यंत एकदा न उतरता जायचं, देवीचं दर्शन घ्यायचं आन परत यायचं. रेस-बिस काही करायची नाही. काय करू?

चैन_पडली

भाऊ आधी हिशोब समजून घे मग पैसे काढ. तुझं चाक ७००-२५ (रोड बाईकचं नेहमीचं माप) असंल तर एक चक्कर म्हणजे साधारण २.१ मीटर. ३४-२८ ला पायडलच्या एका फेऱ्यात सायकल साधारण २.५५ मीटर पुढं जाती. मागं ३२ टाकलं तर २.२४ मीटर आन ३४ टाकलं तर सरळ २.१, कारण पुढं ३४ मागं ३४ म्हणजे एकास एक.

आता तू ८२, सायकल ११, पाण्याच्या बाटल्या, पंक्चरचं सामान, मोबाईल धरून ९५ किलो समज. चढ ८ टक्के धर. तुझ्यासारखा माणूस घाटात बराच वेळ १७० वॉटच्या आसपास ताकद काढत असंल असं धरून चालू (तुझा खरा आकडा थोडा वर-खाली असंल, पण हिशोब तोच). एवढ्या ताकदीत तू त्या चढाला साडेसात-पावणेआठच्या स्पीडनं जाशील, गिअर कोणताही असो. नीट वाच, गिअर कोणताही असो. कॅसेट बदलून तू वर लवकर पोचणार नाहीस. फरक पडतो तो फेऱ्यांमधी. २८ ला त्या स्पीडला मिनिटाला ५० फेरे बसतात, ३२ ला ५७, ३४ ला ६०-६१. आता पन्नासच्या खाली गेलं की प्रत्येक फेऱ्याला मांडीनं वजन उचलल्यासारखं होतं आन तिथंच तुझा गुडघा बोलायलाय. दम लागणं वेगळं, पाय भरून येणं वेगळं. दम बसतो दोन मिनिटं हळू गेलं की, भरलेला पाय घाटात मोकळा होत नाही.

म्हणून मागची कॅसेट. २८ वरून ३२ म्हणजे साडेबारा टक्के हलकं, ३४ म्हणजे साडेसतरा टक्के. पुढं ३४ चं ३० केलं तर फक्त पावणेबारा-बारा टक्के, आन त्यासाठी अख्खी क्रँक घ्यावी लागंल, कारण ११० बीसीडीच्या (रिंगचे बोल्ट ज्या गोलावर बसतात त्याचं माप) क्रँकला ३३-३४ च्या खाली रिंग बसतच नाही. वर पुढचा डिरेलर (चैन एकीवरून दुसरीवर ढकलणारा भाग) खाली सरकवा, चैन कापा, ही सगळी झंझट. क्रँकच्या पैशात कॅसेट आन चैन दोन-तीनदा येईल.

पण थांब, आत्ताच ऑर्डर करू नको. मागच्या डिरेलरचा फोटो टाक, जिथं दोन छोटे चाकं असतात तो पिंजरा दिसंल असा. आन आतल्या बाजूला मॉडेल नंबर कोरलेला असतो, त्याच्या शेवटी एसएस आहे का जीएस ते बघ. एसएस म्हणजे छोटा केज (तोच पिंजरा), जीएस म्हणजे लांब. माझ्या शिमानो १०५ आर७००० डिरेलरला एसएसमधी मोठ्यात मोठा दाता (म्हणजे मागची चकती) ३० चा चालतो, जीएसमधी ३४. तुझ्या मॉडेलचा आकडा कंपनीच्या चार्टमधी मिळंल.

बालाघाटचा_बप्पा

हे वॉट-बिट वाचून डोकं दुखायलं. मी मांजरसुंब्याचा घाट २५ च्या कॅसेटवर चढतो, वय ५८. आमच्या गावात दूधवाला होता, काळी ॲटलस, गिअर नावाला नाही, मागं दोन कॅन, रोज चढायचा. पाय पाहिजेत. आजकाल पोरं सायकल घेतात आन पंधरा दिवसांत तिच्यात सामान बदलायला निघतात. भाऊ, सहा महिने घाट कर, गिअर आपोआप हलका होतो. सीटची उंची बघ आधी, गुडघा समोरून दुखायलाय म्हणजे बहुतेक सीट खाली आहे.

चैन_पडली

बप्पा, सीटचं तुमचं शंभर टक्के बरोबर, ते मीच लिहायचं राहिलं. टाच पायडलवर ठेवून पायडल सगळ्यात खाली आणायचं, पाय सरळ झाला पाहिजे, मग चवडा ठेवला की गुडघ्याला थोडासा बाक राहतो. आधी हे कर, फुकट आहे.

पण दूधवाल्याचं उदाहरण देऊ नका हो. तो चढायचा ते उभा राहून, आन उरलेल्या चढाला उतरून ढकलायचाच, आपण ते बघितलेलं नसतं. टूर द फ्रान्समधीसुद्धा १९३७ पर्यंत डिरेलरला परवानगी नव्हती. घाट आला की गडी खाली उतरायचे, मागचं चाक काढायचे, उलटं फिरवून दुसऱ्या बाजूचा मोठा दाता लावायचे आन मग चढायचे. म्हणजे त्यांना सुद्धा हलका गिअर लागतच होता, फक्त हात काळे करून.

बालाघाटचा_बप्पा

तो ढकलायचा नाही. मी स्वतः बघितलंय. असो.

लातूर_सपाट_संघ

आमच्याकडं घाट नाही त्यामुळं मला बोलायचा हक्क कमी, पण एक गोष्ट कोणी सांगंना म्हणून लिहू लालोय. ८ स्पीडमधी ११-३४ घेऊ नका आंधळेपणानं. दात्यांची उतरंड बघा. जी कॉमन ११-३४ मिळती तिच्यात ११-१३-१५-१७-२०-२३-२६ आन मग एकदम ३४. म्हणजे २६ वरून शेवटच्या दात्यावर गेलं की पायाखालची पायरीच गायब, पाय भसकन रिकामे फिरतात, आन चढ उलीसा कमी झाला की २६ वर यावं तर परत जड. मधलं काहीच नाही. ११-३२ मधी ११-१३-१५-१८-२१-२४-२८-३२ असं आहे, शेवटाला २४, २८, ३२ अशा सारख्या पायऱ्या. घाटात हेच कामाचं.

पण त्याची पण किंमत आहे. तुमच्या आत्ताच्या ११-२८ मधी १५-१७-१९-२१ जवळ जवळ आहेत. ३२ वाल्यात १५ नंतर सरळ १८. मी ३२ टाकून बघितली, औसा रोडनं उजनीला जाताना समोरून वारं असतं, १५ जड जातो आन १८ हलका, दिवसभर खट-खट खट-खट गिअर बदलत बसलो. शेवटी २८ परत टाकली. आमचा घाट म्हणजे वारं. (उजनीला बासुंदी खाऊन परत येताना कोणताच गिअर चालत नाही ते वेगळं.)

तुम्ही आठवड्याला किती वेळा घाटात जाता आन किती वेळा पैठण रोडला, ते बघून ठरवा.

सेकंडहँड_५३_३९

माझी चूक लिहून ठेवतो, कोणाच्या तरी कामी येईल. तीन वर्षांखाली पुण्यातून सेकंडहँड रेसची सायकल आणली, कार्बन, चकाचक, वजनाला फूल. पुढं ५३/३९ आन मागं ११-२५ आहे हे बघितलं पण त्याचा अर्थ कळत नव्हता. सोलापूरकडून तुळजापूरला चढताना कळला. ३९-२५ म्हणजे एका फेऱ्यात सव्वातीन मीटर, मिनिटाला ६० फेरे ठेवायचे तर जवळजवळ १२ चा स्पीड पाहिजे चढाला. तो स्पीड माझ्या बापाच्यानं निघाला नसता. देवीच्या दारात पोचलो पण सायकल हातात धरून, पायातले क्लीटचे (पायडलला अडकणारे) बूट काढून, मोज्यावर चाललो. लोकांना वाटलं नवस आहे, एका काकूंनी वाट करून दिली.

मग कळलं की ती १३० बीसीडीची जुनी क्रँक, तिला ३८ च्या खाली रिंग लागत नाही. म्हणजे ३४ टाकायचं तर क्रँकच नवी. तुझी ५०/३४ आहे म्हणजे तुझं अर्धं काम आधीच झालेलं आहे, क्रँकचा विचार डोक्यातून काढ. नवीन सायकल घेणाऱ्यांनी पण रंगाच्या आधी हे दोन आकडे विचारा.

वाळूज_ते_वेरूळ

सगळ्यांचे आभार. सीट बघितली, खरंच खाली होती, जवळजवळ दोन बोटं. वर केली. डिरेलर एसएस निघाला, छोटा केज. फोटो टाकलाय. आता काय, ३२ चालंल का नाही?

चैन_पडली

काही लोक छोट्या केजवर पण दोन-चार दाते जास्तीचे चालवतात, बी-स्क्रू आत घेऊन. बी-स्क्रू म्हणजे डिरेलर जिथं हँगरला (फ्रेमला लावलेला छोटा कान) बसतो तिथला छोटा स्क्रू, तो घट्ट केला की वरचं छोटं चाक कॅसेटपासून लांब जातं. पण तुझ्या केसमधी मी नको म्हणतो. मोठ्या दात्याचा प्रश्न एक, चैन गोळा करायचा प्रश्न दुसरा. तुझ्या सेटअपला डिरेलरनं (५०-३४) अधिक (३२-११) म्हणजे १६ अधिक २१, ३७ दात्यांची ढिली चैन सावरायला पाहिजे. छोटा केज बहुतेक तेवढी सावरत नाही, छोटी रिंग आन छोटा दाता असं केलं की चैन लोंबकळती.

८ स्पीड असण्याचा फायदा इथं आहे. शिमानोच्या ८ स्पीडमधी रोडचं शिफ्टर आन एमटीबीचा (डोंगरातल्या सायकलचा) मागचा डिरेलर एकमेकांशी जुळतात, १० स्पीडपासून पुढं हे सरसकट चालत नाही. म्हणून आल्टस एम३१० घे, लांब केज, ३४ पर्यंत चालतो, स्वस्तातला. दिसायला रोड बाईकवर थोडा गावठी दिसतो पण घाटात कोण बघायलंय. ११-३२ कॅसेट, आल्टस, आन नवी चैन. चैन विसरू नको. मोठा दाता आला की जुनी चैन आखूड पडती. माप असं, चैन डिरेलरमधून न ओवता पुढं मोठी रिंग, मागं मोठा दाता यावरून गुंडाळायची, जिथं टोकं जुळतात त्याच्या पुढं दोन कड्या जास्तीच्या ठेवायच्या, बाकी कापायची.

वाळूज_ते_वेरूळ

वीस दिवसांनी लिहायलो. आधी वाईट बातमी.

सामान आणलं, स्वतः करायची हिंमत नव्हती, कॅसेट काढायचं चैन-व्हिप आन लॉकरिंगचं टूल पण नाही, म्हणून एका दुकानात दिलं. दुकानाचं नाव काढत नाही. मी तीनदा सांगितलं की नवी चैन टाका, डब्यातच आहे. पोरगा म्हणला जुनी चांगली आहे भैया, कशाला वाया घालवता, नवी ठेवा पुढच्या वेळंला. मला वाटलं आपले पैसे वाचवायलाय, चांगला माणूस.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेपाचला निघालो. छावणी, पडेगाव सगळं झकास. मिटमिट्याच्या पुढं उलीसा चढ आहे तिथं पुढं मोठ्या रिंगवरच होतो आन सवयीनं मागं एकेक गिअर हलका करत गेलो. शेवटच्या दात्यावर चैन चढली आन *कर्रर्र* असा आवाज, पायडल दगड झालं. खाली बघतो तर डिरेलर पार पुढं वढला गेलेला, केज सरळ रेषेत, चैन तारेसारखी ताणलेली. नशीब स्पीड नव्हता, क्लीट सुटलं, नाहीतर मागच्या टँकरच्या पुढ्यातच पडलो असतो. हँगर वाकला. मग रस्त्याच्या कडंला बसून चाक काढून चैन मोकळी केली आन घरी फोन. बायको आली न्यायला, तिनं फक्त एवढंच विचारलं, "हे हलकं करायला किती गेले?"

सेकंडहँड_५३_३९

अरे माय. हँगर बदल, सरळ करत बसू नको, ॲल्युमिनियमचा असतो, एकदा वाकलेला सरळ केला तर परत कधी दगा देईल सांगता येत नाही. आन तुझ्या फ्रेमचाच बघून घे, प्रत्येक फ्रेमचा वेगळा असतो.

चैन_पडली

म्हणूनच नवी चैन म्हणलं होतं. मोठ्या-मोठ्याचा (पुढं मोठी रिंग, मागं मोठा दाता) तो गिअर कधी वापरायचाच नसतो, पण दमलेल्या माणसाच्या बोटाला ते कळत नाही, म्हणून चैन एवढी लांब पाहिजेच की चुकून लागला तरी काही मोडू नये. दुकानातून सायकल घेताना तिथंच उभी करून मोठ्या-मोठ्यावर हळूच हातानं पायडल फिरवून बघायचं.

आता घाटाचं. मोठ्या रिंगवरून छोट्यावर घाटात जोर लावता लावता यायचं नाही, चैन आतल्या बाजूला पडती (माझं नाव असंच नाही पडलं). गावातून बाहेर पडलं, दौलताबादच्या दरवाजातून निघालं की चढ लागायच्या आधीच छोट्या रिंगवर यायचं आन मागं मधल्या दात्यावर. मग चढ वाढंल तसं एकेक हलकं. ३२ ला शक्यतो हात लावायचा नाही, तो शेवटच्या वळणासाठी राखून ठेवायचा. पहिली पाच मिनिटं असं वाटलं पाहिजे की आपण उगंच हळू चाललोय.

लातूर_सपाट_संघ

आन पाणी. मे महिन्यात जायचं तर दोन बाटल्या पण कमी पडतात, सकाळी आठच्या आत वर पाहिजे. उन्हात कॅसेट कितीचीही असो.

वाळूज_ते_वेरूळ

झालं मंडळी. म्हैसमाळ झालं.

हँगर नवा, चैन नवी, यावेळी सगळं मी स्वतः केलं, टूल मित्राकडून आणलं, कॅसेटच्या लॉकरिंगवर ४० एनएम (न्यूटन-मीटर, किती आवळायचं ते) लिहिलेलं असतं तेवढा टॉर्क रेंच काही नव्हता, कंपनीतल्या मेंटेनन्सवाल्यानं हातानं आवळून दिलं आन म्हणला, चाळीसच आहे, लिहून घे. बी-स्क्रू जुळवायला एक संध्याकाळ गेली.

दौलताबादचा घाट बसल्या बसल्या. खरं सांगतो, घड्याळात टाईम बघितला तर आधीपेक्षा एक मिनिटच कमी, तेवढंही ढकलणं वाचलं म्हणून असंल. पण वर आलो तेव्हा बोलता येत होतं. शेवटच्या वळणाला ३२ वर आलो, पाय गिरगिर फिरायलेत आन सायकल मुंगीसारखी चाललीय, बाजूनं एक म्हातारा पायी चालला होता त्याच्याशी बऱ्याच वेळ बरोबरी झाली, त्यानं पोरं किती, नोकरी कुठं सगळं विचारून घेतलं. खुलताबादला भद्रा मारुतीच्या तिथं चहा, मग पुढचे १२ किलोमीटर. मला वाटायचं दौलताबाद झालं की संपलं, तसं नाही. म्हैसमाळच्या अलीकडचा शेवटचा चढ जास्त वंगाळ आहे. टॉवर दिसतो आन जवळच येत नाही. तिथं ३२ वर पण मी पन्नास फेऱ्यांच्या खाली गेलो. २८ असता तर नक्की उतरलो असतो. गिरिजा देवीच्या पायऱ्या मात्र चढवंनात, कठडा धरून गेलो.

गुडघा ठीक आहे. सीटमुळं का गिअरमुळं ते काही सांगता येत नाही, दोन्ही एकदमच केलं.

लातूरकर म्हणतात ते १५ ते १८ चं खरं आहे. परवा पैठण रोडला वाऱ्यात लै चिडचिड झाली. पण मी घाटासाठी सहन करीन.

मावशी दिसली नाही. सीताफळाचा सीझन संपला असंल.

बालाघाटचा_बप्पा

अभिनंदन. ती काढलेली ११-२८ ची कॅसेट फेकू नको. माझ्या सायकलला २५ आहे. संभाजीनगरहून बीडला येणारं कोणी असंल तर पाठवून दे, पैसे काय ते सांग.